मामा नळ दुरुस्त करून गेले

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चि. खारुताई,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघ्याची कुरकुर चालू आहे, पण ती आता घरातलीच झाली. सकाळी कपडे वाळत घातले. मग तुझ्या आईकडे राहिलेलं हस्तलिखित घेऊन तिच्या प्रकाशन संस्थेत गेलो. दुपारी परत आलो. येताना मागच्या खोलीसाठी बल्ब आणला. दिवसभरात एवढंच.

एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसणार नाही, हे तू ओळखलंच असशील. फोनवर आपलं "जेवलात का", "हो, जेवलो" याच्या पुढे गाडं सरकत नाही. म्हणून कागद घेतला.

आईच्या कामाची पद्धत तुला आठवत असेल. लोकांची हस्तलिखितं घरी आणायची, वाचायची, छापावं की नाही याचा अभिप्राय द्यायचा. वाचताना समासात मऊ पेन्सिलीने खुणा करायच्या. न पटलेली खूण खोडून पुन्हा लिहायची, आणि हस्तलिखित लेखकाकडे परत जाण्याआधी तर सगळ्याच खोडायच्या. "अभिप्राय लेखकाला, कुरकुर आपल्यापाशी," म्हणायची. त्या रबराचा भुगा टेबलावर, उशीवर, एकदा तर माझ्या चष्म्याच्या घरात. तू तिच्या पेन्सिली कुरतडायचीस, म्हणून तर हे नाव पडलं तुला.

शेवटचं हस्तलिखित तिने आजारपणात वाचलं. गोळ्या वाढवल्या तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता त्या मधूनमधून असंबद्ध बोलतील. मनावर घेऊ नका." हे मी तुला बोललो नव्हतो. तिने मात्र त्याच्याही आधी मला बजावलं होतं, "माझं डोकं चालेनासं झालं की तोंडावर सांगायचं. लोकांची पुस्तकं बिघडवायची नाहीत मला." मी हो म्हटलं होतं.

संध्याकाळी ती मला त्या कादंबरीची गोष्ट सांगायची. तिसऱ्या प्रकरणात त्या घरातले मामा वारले. "साग्रसंगीत मारलंय हो त्यांना, डोळ्यांत पाणी आलं," म्हणाली. मग काही दिवसांनी एकदा म्हणाली, "आज मामा आले होते. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून गेले."

"कोण मामा?"

"अहो, तेच."

"ते वारले ना?"

"हो ना!" म्हणाली आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं, पाठ चोळली आणि मनात म्हटलं, झालं. सुरुवात झाली.

तोंडावर सांगायचं कबूल केलं होतं, पण जीभ उचलली नाही. आणि त्यानंतर ती जे जे बोलली ते मी जमेला धरलं नाही. आयुष्यभर शहराचं पाणी तपासलं. एक नमुना खराब निघाला की अख्खी टाकी बंद, हा आमचा नियम. तिच्या बोलण्याचंही मी तेच केलं.

त्या बंद टाकीत तुझ्यासाठीही काही होतं. त्याच्याकडे येतो.

आज ते हस्तलिखित तिच्या संपादकांसमोर ठेवलं. आई ज्यांना घाईसाहेब म्हणायची ते. समोरच उघडून बघायला लागले तेव्हा वाटलं, ओढून घ्यावं आणि घरी पळावं. तिच्या शेवटच्या दिवसांचं हसं नको व्हायला. आणि ते खरंच हसायला लागले.

"बाई म्हणजे बाई!"

मी म्हटलं, "तिची तब्येत तेव्हा..."

"तब्येत कसली? लेखकाने तिसऱ्या प्रकरणात मामांना मारलंय आणि अकराव्यात विसरून परत आणलंय! होतं हो असं, वर्षानुवर्षं लिहीत बसलं की. गेल्या खेपेला आमच्याकडे एक नायिका चौदा महिने गरोदर होती. तीसुद्धा बाईंनीच सोडवली."

त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. समासात तिचं बारीक अक्षर होतं, जरा थरथरलेलं. "मामा गेले आहेत. नळासाठी दुसरं कुणी आणावं लागेल. मला मात्र बरं वाटलं त्यांना बघून."

मी विचारलं, "आणि बाकीच्या खुणा?"

"शेवटच्या पानापर्यंत आहेत. एकही वायफळ नाही. दोन ठिकाणी तर मीच गंडलो असतो."

मी चष्मा पुसायला लागलो. मी रडतोय असं वाटून त्यांनी खिडकी उघडली, का ते त्यांनाच ठाऊक. मला खरं तर हसू येत होतं. इतक्या महिन्यांत छातीवरचा दगड पहिल्यांदा हलला.

तर आता ऐक. मामा नळ दुरुस्त करून गेले त्याच आठवड्यात आई मला म्हणाली होती, "खारुताईला कळवा, तिच्या खुर्चीत बसले. पाठ अजिबात दुखत नाही. नोकरी सोडून सुतारकाम शिकायला गेली ते बरंच केलं पोरीने. मी उगाच अडवलं."

तू पाठवलेली खुर्ची तिने आल्या दिवसापासून मागच्या खोलीत चादरीखाली ठेवली होती. तेव्हा तर तिला आधाराशिवाय पलंगावरून उतरताही येत नव्हतं. मी समजलो, गोळ्या बोलतायत. आई गेली त्या दिवशी तू आलीस, मागच्या खोलीच्या दारात उभी राहिलीस. तू ती चादर पाहिलीस, हे मी पाहिलं. निरोप ओठांवर आला होता. पण भ्रमातला गोड शब्द खरा म्हणून तुझ्या हातात कसा ठेवू? तू खऱ्याखोट्याची पारख करणारी, तिच्यासारखीच. उद्या कळलं असतं तर दोघांनाही माफ केलं नसतंस.

आज घरी आल्यावर बल्ब बसवला आणि ती चादर काढली. खुर्चीची पाठ बैठकीला जिथे जोडली आहेस, त्या खाचेत रबराचा भुगा होता. करडा, चांगला चिमूटभर. खाली फरशीवरही. मी औषधाला, दुधाला बाहेर पडलो की ती भिंत धरधरून तिथे जाऊन बसत असणार, कामासकट. विचारून जायची सोय नव्हती, मी रागावलो असतो.

खाचेतला भुगा मी काढलेला नाही. तू येशील तेव्हा स्वतःच बघ. लगेच ये असं म्हणत नाही. तिथलं हातातलं काम पुरं कर.

घाईसाहेबांनी खुणांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि हस्तलिखित माझ्याच हातात परत दिलं. "लेखकाला पाठवायचंय. खोडायचं काम नव्या माणसाला देववत नाही. तुम्ही कराल?" म्हणाले. मी हो म्हटलं. या वेळी कबूल केलेलं करणार आहे. मामांच्या पानाचं काय ते तिथे पोचल्यावर बघू.

बाहेर अजून उजेड आहे. तुझी खुर्ची ओढून खिडकीशी आणली आहे. पाय डगमगत नाहीत. हे पत्र त्यातच बसून लिहिलं. आता पाकीट चिकटवतो, तिचं रबर घेतो आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

आईचा निरोप पोचवून मोकळा झालेला,

तुझा बाबा