प्याल्याचा काठ

अमरावती, रविवार, डिसेंबर १८६४

आज गोविंदरावाचा विषय निघालाच. प्रभुभोजनाचा प्याला माझ्याकडून त्याच्या हाती जातो, आणि तो उपरण्याच्या टोकानं काठ पुसून मगच पितो. जन्माचा ब्राह्मण, ख्रिस्ती होऊन दोनच वर्षं झालेली. उपासनेआधी आमच्या ख्रिस्ती मंडळीतली सखूबाई मले म्हणाली, "तुमचं उष्टं त्याले चालत नाही. तुमाले राग कसा येत नाही?"

येतो. खोटं कशाले लिहू? पण मागच्या उन्हाळ्यात मले पटकी झाली, तेव्हा माझं ओकारीनं भरलेलं तोंड त्यानं याच उपरण्यानं पुसलं होतं. त्याच्या मनातला विटाळ सुटला, हाताची खोड सुटायची आहे, एवढंच. आणि मी? बाप्तिस्म्याले सात वर्षं झाली, तरी कापसाच्या बाजारात गाडीवानांले आईवरून शिव्या देऊन राहिलो. गोविंदरावाची शाळा समोरच आहे, त्याले सगळं ऐकू जाते. मंडळीत त्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

म्हणून आज मी प्यायलो, माझ्याच शेल्यानं काठ पुसला आणि मग प्याला त्याच्यापुढं धरला. सखूबाई पाहून राहिली होती. गोविंदरावाचा हात उपरण्याकडे गेला, तिथंच थांबला. मग तो तसाच प्यायला.

बरं केलं मी. त्यात मले शंका नाही.

बाहेर जोडे घालताना तो हळूच म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी पुसू नका."