पाणथळ जमिनींच्या समितीकडे गेलेला कागद

मिसेस टिबट्स यांचे घर, वरची खोली,
राजधानी,
फेब्रुवारीची वीस तारीख, १८७२

प्रिय असाहेल यांस,

वयाने मी तुमच्या आईच्या जागी आहे, पण तुम्ही आमच्या जावयांचे थोरले भाऊ, म्हणून ‘अहो’च म्हणते. तुम्ही दोघं खुशाल असाल. चॅरिटीचा खोकला थांबला का? तिला मधात कांद्याचा रस द्या. मी सुखरूप आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण घसरगाडीत बसून एवढ्या बर्फातून आले त्याला तरी काय बोलायचं!

मला शाळा जेमतेम दोन हिवाळे मिळाली, तेव्हा अक्षराला हसू नका. पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. ही म्हातारी राजधानीत काय करते? तर असाहेल, मी कायदेमंडळ बघायला आले! आणि इतकी खूश आहे की मिसेस टिबट्सचा वातड केकसुद्धा दोनदा मागून घेतला. भोपळ्याच्या केकला लोणी लागतं, हे त्या बाईला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आमच्या शेजारचे गॉटलीब रूश यंदा निवडून आले आहेत. तेच, ज्यांचं डुक्कर आमच्या कोबीत शिरायचं. मी त्यांच्यामागे लागून एक कायद्याचा कागद करवून घेतला. त्याला इथे विधेयक म्हणतात. रूश म्हणाले, “आजी, कागद मी आत नेतो. पण तो माझा आहे असं काही म्हणणार नाही. लोक मला बायकांचा नोकर म्हणतील.”

मी म्हटलं, “म्हणू देत हो. कोबी खाल्लाय तुम्ही आमचा.”

तर इथली रीत अशी. सकाळी प्रार्थना झाली की सभापती विचारतात, कुणाला नवं विधेयक मांडायचंय का. ज्याला मांडायचं तो उभा राहतो. कागद आपला नसेल तर तो म्हणतो, “विनंतीवरून मांडतो.” म्हणजे मी नुसता हमाल, ओझं दुसऱ्याचं. मी वरच्या सज्जात बायकांच्या बाकावर बसले होते. खाली गालिचा उंची, पण पिकदाणीत नेम कुणाचाच लागत नाही. रूश उभे राहिले, कान लाल, आणि म्हणाले, “विनंतीवरून.” कारकुनाने नुसतं नाव वाचलं: विधवा आईला आपल्या मुलांचा ताबा मिळण्याबद्दलचं विधेयक.

मग हा कागद कोणत्या समितीकडे द्यायचा, असं सभापतींनी विचारलं. मागून कुणीतरी ओरडलं, “पाणथळ जमिनींकडे पाठवा! बुडू दे तिकडेच!” सगळं सभागृह हसलं. सभापतीही हसले आणि तिकडेच पाठवलं. रूशनी वर माझ्याकडे पाहिलंच नाही.

पण ऐका तर! राज्यातल्या पाणथळ जमिनी कधीच विकून झाल्यात. त्या समितीला अख्ख्या अधिवेशनात एक काम आलं नव्हतं. खोलीत चांगली शेगडी, म्हणून इतर सदस्य तिथे ओले बूट वाळत घालत. समितीचे प्रमुख होझिया ट्रंबल, वयाने माझ्याएवढे, एका कानाने बहिरे. मी दारात गेले तर ते बूट बाहेर फेकत होते!

“या बाई,” म्हणाले. “त्यांनी थट्टा केली असेल. पण माझ्या समितीकडे आलेला कागद म्हणजे कागद. बसा, आणि या कानाशी बोला.”

त्यांना दुसरं कामच नव्हतं, त्यामुळे त्यांनी ओळन् ओळ वाचली. जुना कायदाही मागवून वाचला. मग थांबले. “बाप मृत्युपत्र करून मूल दुसऱ्या कुणालाही देऊ शकतो? न जन्मलेलंसुद्धा?”

मी म्हटलं, “हो साहेब. माझी लोव्हिना पोटुशी होती तेव्हाच तिच्या नवऱ्याने सही केली. तो गेला तेव्हा मूल अजून पोटातच होतं.”

मग कोपऱ्यातला एक सदस्य, आडदांड शेतकरी, दाढी खाजवत म्हणाला, “होझिया, मी गाभण गाय विकली तर वासरू गायीमागे जातं. त्यावर कुणी भांडतसुद्धा नाही.”

“तेवढंच मागतेय मी,” मी म्हटलं. एरवी माझं तोंड बंद होत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

समितीने ‘मंजूर व्हावे’ असं लिहून कागद परत पाठवला. विधेयक तीनदा वाचावं लागतं, तेही वेगवेगळ्या दिवशी. तिसरं वाचन आज झालं. शेतकऱ्याने गायीची गोष्ट सभागृहात सांगितली. या वेळी हसले ते थोडेच. आणि रूश, आमचे डुकरांचे रूश, उभे राहून म्हणाले, “कारकून, माझ्या नावापुढचं ‘विनंतीवरून’ खोडा. हे विधेयक माझं आहे.” मी सज्जात इतक्या जोरात नाक शिंकरलं की सभापतींनी वर पाहिलं.

खालच्या सभागृहात ते मंजूर झालं. तुमच्या भागाचे सदस्य ‘नाही’ म्हणाले, तेव्हा हे पत्र पोचेपर्यंत बातमी तुमच्या कानी आलीच असेल. पुढल्या आठवड्यात वरचं सभागृह. ट्रंबल म्हणतात, तिथेही होईल. आधीच झालेल्या मृत्युपत्रांनाही ते लागू होणार आहे. आई न्यायाधीशांकडे अर्ज करू शकेल.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते केकच्या आणि बुटांच्या मागे लपवून काय उपयोग.

असाहेल, तुम्ही वाईट आहात असं मला कधी वाटलं नाही. भावाने लिहून ठेवलं आणि तुम्ही ते कर्तव्य समजून पाळलंत. लोव्हिनाच्या फीबीला दूध सुटल्यावर नेलंत. तिला नीट ठेवलंत, वाचायला शिकवलंत. घरात मूल नव्हतं, चॅरिटीला तिचा लळा लागला असणार, आणि तिच्या हातून पोर काढून घेण्याचा विचार आला की मलाही घास गोड लागत नाही. पण लोव्हिना पाच वर्षं रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलीची उंची डोळ्यांनी मोजते. आपली एवढी झाली असेल, म्हणते. तुम्ही तिला भेटायला येऊ दिलं नाहीत. पोर बिथरेल, म्हणालात. लोव्हिनाला यातलं अजून मी काही कळवलेलं नाही. कागद पुन्हा कुठे अडकला तर तिला दुसऱ्यांदा सावरणं मला जमणार नाही.

मोठ्या आनंदात आहे म्हणून मागते. कायद्याची वाट पाहू नका. न्यायाधीशांनी पाठवली तर फीबी जन्मभर म्हणेल, मला काकांकडून काढून आणलं. तुम्ही स्वतः घेऊन आलात तर म्हणेल, काकांनी मला आईकडे पोचवलं. ते म्हणायची संधी आता थोडेच दिवस तुमच्या हातात आहे. चॅरिटीलाही आणा. आमच्याकडे खोली आहे, उन्हाळाभर राहा. पोरीला दोघी मिळाल्या तर तिचं काय बिघडतं?

येताना तिला जाड मोजे घाला. नदीवर वारा फार असतो.

तुमच्या उत्तराची नाही, तुमच्या घसरगाडीच्या घंटांची वाट पाहणारी,
फीबीच्या आईची आई,
केझाया बार्टलेट