चि. की कै.

४ जून

ती. दादा,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की मी मेलो, असं मला गेल्या आठवड्यात कळलं.

घाबरू नकोस, आधी खाली बस. अक्षर ओळखलंस ना? मीच, तुझा धाकटा भाऊ. सतत तुझ्या डोक्यावर बसलेला असायचो म्हणून ज्याला तू अनुस्वार म्हणायचास, तोच. तेवीस वर्षांपूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासत बसलो होतो, तिथून उचलून मला गणवेश चढवला आणि आघाडीवर पाठवलं. तिसऱ्याच आठवड्यात पकडला गेलो. असा माझा पराक्रम. नऊ वर्षं छावणीत काढली. मग छावणी ज्या देशात होती त्याचेच दोन तुकडे झाले, आणि कैदी नेमके कुणाच्या वाट्याला यावर त्यांचं आपसात जुंपलं. शेवटी कंटाळून त्यांनी फाटक उघडलं आणि जा म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही. सरहद्द बंद, टपाल बंद. तेव्हापासून इथल्याच एका छापखान्यात इथल्या भाषेतल्या चुका शोधतो. सध्या शाळेचं इतिहासाचं पुस्तक हातात आहे. मागच्या आवृत्तीत आपलं युद्ध दोन धडे होतं. या वेळी चार ओळी आहेत, त्यातली एक उडवलेल्या पुलाबद्दल.

आता तिथल्या आणि इथल्या सरकारांची गळाभेट झाली आहे म्हणे. टपाल सुरू झालंय, मालट्रक ये-जा करतायत. त्यातल्या एका ड्रायव्हरने तुझ्या-माझ्या गावच्या युद्धस्मारकाचा फोटो दाखवला. चारशे बारा हुतात्मे, आणि त्यात अस्मादिक. कोरीव काम बघताक्षणी ओळखलं की हात तुझा. दादा, मेलो त्याचं मला काही नाही. पण माझ्या नावात पहिली वेलांटी? मुद्रितशोधकाच्या नावात? आणि तीही सख्ख्या भावाने?

मुद्द्याचं सांगतो. करारानुसार तिथे जन्मलेल्यांना कायमचं परत येता येतं, पण या डिसेंबरच्या आत. घरच्यांनी कचेरीतून हयातीचा दाखला काढून पाठवायचा. जानेवारीत इथे निवडणुका आहेत, मग कुणाला कसला उमाळा येईल सांगवत नाही. आणि आई? आई आहे ना रे? हे पहिल्याच ओळीत विचारायचं होतं, हात धजेना.

मेलेल्यावर लोभ ठेवणं सोपं असतं, तो काही मागत नाही. मी मागतोय, तरी ठेव.

तुझा,
अनुस्वार


२ जुलै

चि. अनुस्वार यास,
अनेक आशीर्वाद. (चि. लिहावं की कै., या घोळात दोन कागद फाडले.)

गाढवा, तेवीस वर्षांनी तोंड उघडलंस आणि त्यातही चूकच काढलीस? काही सुधारला नाहीस, म्हणजे तूच आहेस.

आई आहे. चौऱ्याऐंशीची आहे, दात नाहीत, जीभ शाबूत आहे. तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती रडेल म्हणून पाण्याचा पेला हाताशी ठेवला होता, तो मलाच लागला. ती एवढंच म्हणाली की मी सांगतच होते. तू मेलास असं तिने आजवर कुणाला म्हणू दिलं नाही. स्मारकाच्या उद्घाटनाला तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मंत्र्याने गळ्यात हार घातला, तो तिने तिथेच काढला आणि शेजारणीच्या गळ्यात टाकला. मंत्र्याचं तोंड बघायला तू हवा होतास. नसलास तेच बरं, समारंभ तुझाच होता.

वेलांटीचं म्हणशील तर ओळ संपत आली होती. उजवीकडे बोटभरही दगड उरला नव्हता, दुसरी वेलांटी शेजारच्या शिळेवर गेली असती. तुमचं बरं असतं, कागदावर खोडता येतं. आणि आता तुझं ते स्मारक चौकात राहिलेलं नाही. उड्डाणपूल आला तेव्हा बस आगाराच्या मागे नेऊन ठेवलं. वरती आधी ‘विजयासाठी’ असं कोरलं होतं. दुसरं सरकार आलं, त्यांनी ते घासून ‘शांततेसाठी’ करून घेतलं. तिसरं म्हणालं, तूर्त कोरं राहू द्या. तिन्ही वेळा छिन्नी माझीच. हल्ली ड्रायव्हर लोक त्या भिंतीला टेकून चहा पितात, आणि तू बरोबर त्यांच्या खांद्याशी येतोस.

कचेरीत गेलो होतो. दुसरा मजला, सहा नंबरची खिडकी. डोक्यावर पंखा गरगरतोय तो शत्रूच्या कारखान्यातला. माफ कर, मित्रराष्ट्राच्या. खिडकीतल्या कारकुनाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की हयात माणसाला मयत करायचा फॉर्म आहे, मयताला हयात करायची तरतूद नाही. शिवाय चारशे बाराचे चारशे अकरा झाले तर आकडा सगळ्या भाषणांत बदलावा लागेल. मी विचारलं, माणूसच समोर येऊन उभा राहिला तर? तर म्हणाला, त्याने आधी आपण मयत असल्याची नोंद रद्द करून आणावी. पाहू म्हणाला. तू घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो तपासत बसू नकोस. प्रकृतीस जप.

तुझा दादा


२० ऑगस्ट

ती. दादा,
सा. न. (वि. वि. आज गाळली आहे.)

तू घाई करू नकोस म्हणालास, म्हणून मी केली. इथल्या सरकारच्या परराष्ट्र कचेरीत अर्ज देऊन माझ्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागवली. तुमच्या कचेरीला चार महिने लागतात, यांनी तीन आठवड्यांत आणून दिली. शत्रू असा तत्पर असतो.

कागद मोठा वाचनीय आहे. माझं प्रेत नदीकाठी सापडलं. डाव्या पायावरच्या जुन्या व्रणावरून ओळख पटली. पाय वर करून पाहिला, व्रण काही सापडला नाही. समोर राहणाऱ्या बाईंनी विचारलं की काय शोधताय, तर म्हटलं ओळख पटवतोय. कागदाच्या तळाशी, प्रेत स्वतः पाहिल्याची शपथ घेणाऱ्या साक्षीदाराची सही आहे. शिक्क्याखाली अर्धी झाकली गेली आहे. पण दादा, मी आयुष्यभर अक्षरंच पाहत आलोय. शाईनेसुद्धा कोरल्यासारखं लिहिणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

मी तुला मेलेला बरा वाटत होतो का? कारण सांग. काहीही असलं तरी चालेल, पण उजवीकडे दगड उरला नव्हता असलं नको. आठ दिवस झाले, छापखान्यात तीच ती ओळ वाचतोय आणि चूक दिसत नाही. मला फार लागलंय रे.

लोभ असल्यास कळवावे.

अनुस्वार


९ सप्टेंबर

चि. अनुस्वार यास,
अनेक आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

सही माझी आहे.

तू गेलास त्याच वर्षी, युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात, फर्मान निघालं की बेपत्ता म्हणून कुणी नसतंच. आमचं सैन्य इतकं व्यवस्थित, की त्यात माणूस हरवतच नाही. एक तर तो मेलेला असतो, नाही तर पळालेला. पळालेल्याच्या घरच्यांना गावात थारा नाही. पलीकडचे घड्याळजी तुला आठवत असतील. त्यांचा जावई बेपत्ता होता. सकाळी ट्रक आला, दोन तासांत घर रिकामं. भिंतीवरची घड्याळं चालूच राहिली होती, आम्हाला इकडे टोले ऐकू यायचे. त्यांच्यातलं कुणी परत आलं नाही. मग एक अधिकारी आपल्याकडे आला. अगदी सभ्य माणूस, बूट पुसून आत आला. म्हणाला, तुमचा भाऊ दोन्हीपैकी काय ते गुरुवारपर्यंत ठरवून सांगा. आईला न्यूमोनिया होता, बसताही येत नव्हतं. मी ठरवलं. व्रण बिण त्यानेच सुचवलं, त्याच्याकडे यादी होती.

मग हुतात्म्याचा भाऊ म्हणून मानाने स्मारकाचं काम मलाच दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तुझ्या नावापाशी आलो आणि हात चालेना. दगड भरपूर होता उजवीकडे, मागे लिहिलं ते खोटं. पहिली वेलांटी मी समजून उमजून कोरली. म्हटलं, मेला तो कुणी दुसरा, चुकीच्या नावाचा, माझा भाऊ नव्हे. खुळेपणाच म्हण. पण तेवढं केलं आणि मग पुढची नावं कोरता आली.

आता कारकुनाने दोन वाटा सांगितल्या आहेत. स्मारकावरचं नाव हुतात्म्यांच्या सरकारी यादीतही तसंच उतरलंय, आणि वेलांटी वेगळी म्हणजे कागदोपत्री माणसं दोन. तो मेलेला राहील आणि तू पाहुणा म्हणून येशील, आठ दिवसांसाठी, एकदाच. फक्त तुझं इथे कुणी नाही असं फॉर्मवर लिहून द्यायचं. फॉर्म सोबत आहे. दुसरी वाट म्हणजे मी साक्ष खोटी होती असं सांगायचं. मग तू मुलगा म्हणून कायमचा येशील आणि मी पाच वर्षं आत जाईन. तिथे दगड फोडायला देतात म्हणे, म्हणजे हात बसलेला आहे. पण मी एकसष्टचा आहे, आणि विनोद करतोय तरी मला भीती वाटते. आईला यातलं काही माहीत नाही. तू सांगशील ते करीन.

लोभ मागायला तोंड नाही. तब्येत सांभाळ.

दादा


३० सप्टेंबर

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि. (सगळी व्याजासकट.)

तुझं पत्र वाचलं, बाहेर जाऊन तासभर चाललो, पुन्हा वाचलं. तुझ्यावर रागावणं मला आता काही जमेना, म्हणून त्या सभ्य अधिकाऱ्यावर रागावतो. त्याला निवृत्त होताना पदक मिळालं असेल.

फॉर्म भरून सोबत पाठवला आहे. एकही रकाना रिकामा ठेवलेला नाही, खाडाखोड नाही, कारकुनाला दोष काढायला जागा नाही. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त केल्या, ही एक तशीच राहू दे. आठ दिवस पुष्कळ झाले. आईशी बोलेन, तू भिंतीवर मला कुठे टांगलंयस ते पाहीन, आणि परत येऊन इतिहासाच्या पुस्तकातली पुलाची ती ओळ गाळून टाकीन. तू कचेरीत फॉर्म दे, पावती घे आणि घरी जा. दुसरं काही बोलायचं नाही. मोठा भाऊ असलास तरी एकदा माझं ऐक.

लोभ आहे, होता, आणि तिन्ही सरकारांत बदलला नव्हता.

तुझा,
अनुस्वार


१८ ऑक्टोबर

चि. अनुस्वार यास,
अनेक आशीर्वाद, यातला एकही परत करू नकोस.

तुझं ऐकायचं असं ठरवूनच कचेरीत गेलो. रांगेत माझ्यापुढे चौदा जण होते, म्हणून तुझा फॉर्म काढून वाचत उभा राहिलो. अक्षर काय सुंदर रे तुझं. पत्नी : लागू नाही. भाऊ : नाही. आणि त्याखाली, आईचे नाव : निरंक.

निरंक. कचेरीत तक्रारपेटी रिकामी निघाली की लिहितात तो शब्द. तू तो पहिल्या वेलांटीसकट इतका शुद्ध लिहिला होतास, की तिथेच माझं डोकं फिरलं. आई घरी तुझी वाट बघत खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेली, मी हा कागद खिडकी नंबर सहात सरकवणार आणि वर पावती मागणार. एकदा तुला मारलं तेव्हा निदान मला लाज वाटली होती. या वेळी तर व्यवस्थित रांगेत उभं राहून आईला खोडायला निघालो होतो. फॉर्म फाडला आणि खिशात कोंबला. नंबर आल्यावर कारकुनाला सांगितलं की तेवीस वर्षांपूर्वी मी खोटी साक्ष दिली, माझा भाऊ जिवंत आहे, काय लिहायचं ते लिहा.

त्याचा चेहरा पडला. भला माणूस आहे, त्याने हळूच विचारलं की तुम्हाला बरं वाटत नाहीये का. मी पुन्हा तेच सांगितलं, मोठ्याने. आतून साहेब आले, कायद्याचं पुस्तक आलं, मला बसायला खुर्ची आली. आरोपीला मिळते, अर्जदाराला मिळत नाही. आणि मग गंमत झाली. माझ्यावर खोट्या साक्षीचा गुन्हा नोंदवायचा तर तू मेलेला असून चालेना. तेव्हा आधी तुला जिवंत करणं भाग पडलं. साहेबांनी सांगितलं, कारकुनाने लिहिलं : सदर इसम हयात आहे. तीन शिक्के. दहा मिनिटं लागली. जी तरतूद जूनपासून नव्हती ती मला अडकवायचं म्हटल्यावर निघाली. त्या कागदाची नक्कल मागायचा आरोपीला हक्क असतो, तो मी बजावला. सोबत जोडली आहे. हाच तुझा हयातीचा दाखला. तिथल्या आपल्या वकिलातीत दाखव, कायमचा परवाना मिळेल. नाव एकदा तपास, मी डोळ्यांत तेल घालून पाहिलंय, बरोबर आहे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, त्या गुरुवारसकट. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिने माझा हात धरला. मग विचारलं की किती वर्षं देतील. पाच म्हटल्यावर तिने बोटं मोजली आणि म्हणाली, म्हणजे तू सुटशील तेव्हा मी एकोणनव्वदची असेन. थांबेन, मला सवय आहे. तेव्हा मात्र मी लहान मुलासारखा रडलो, आणि ती मला ओरडली की आधी धाकट्याला पत्र टाक.

ते टाकतोय. खटला बारा जानेवारीला उभा राहील. तोवर दर सोमवारी चौकीवर हजेरी आहे, सकाळी दहा ते बारा. म्हणून सोमवार सोडून कुठल्याही दिवशी ये. सोमवारीच पोहोचलास तर दार आई उघडेल, तिला वेळ लागतो, पुन्हा पुन्हा वाजवू नकोस.

लोभ घरी आल्यावर मोजून घे.

तुझा,
दादा