आयलाच्या पहिल्या पानावरचा तरुण

थंडर बे,
शुक्रवार, बर्फ अजून हटलेला नाही

ती. हेल्मीमावशीस, रेइनोचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत, सौनातला वाफेचा शेक सोडू नकोस. माझं उत्तम चाललंय. (आईने वेगळं काही कळवलं असेल, तर ते कॉलेज सोडल्याबद्दल असेल, तब्येतीबद्दल नव्हे.)

कॉलेज मी आयलासाठी सोडलं, हे फक्त तुला ठाऊक आहे. (आयलालासुद्धा नाही.) ती विनिपेग सोडून इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसायला लागली, म्हणून मीही आलो. दुकानात गुरुवारी संध्याकाळी एक खेळ चालतो. एकाने कव्हर फाटलेल्या कादंबरीचा पहिला परिच्छेद वाचायचा, बाकीच्यांनी ओळखायचं: प्रेमकथा, रहस्यकथा की भुताची? आणि सांगणारा कोण, गोष्टीतलाच कुणी 'मी', की वरून सगळं पाहणारा? चुकेल त्याने कॉफीचे कप विसळायचे. मी अजून एकदाही विसळलेले नव्हते. (परीक्षेत हेच विचारलं असतं तर आज पदवीधर असतो.)

काल आयलाने एक पान वाचलं. एक तरुण रोज संध्याकाळी दुकानात येतो, न वाचलेलं पुस्तक परत करतो, दुसरं नेतो. मधेच दाराच्या कडीचं वर्णन, खिडकीवर साचलेल्या बर्फाचं वर्णन. माझे कान तापले. (रोज संध्याकाळी तसा जाणारा मीच ना.) मी सांगून टाकलं, प्रेमकथा. सांगणारी वरून पाहतेय खरी, पण तिचा जीव त्या तरुणात अडकलाय. यावर टपालखात्यातले पेन्टीकाका म्हणाले, "पोरा, प्रेमात पडलेलं माणूस दाराची कडी बघत बसत नाही. हा खून आहे." मी भडकलो. हातातला वेलदोड्याचा पाव टेबलावर आपटला, आणि त्यांच्या वाचनापासून त्यांच्या उशिरा येणाऱ्या टपालापर्यंत सगळं काढलं.

आयलाने मला थांबवलं. म्हणाली, पेन्टीकाका बरोबर आहेत. कादंबरी तिचीच, लिहून होत आलीय. तो तरुण दुसऱ्याच प्रकरणात मरतो आणि थेट वसंतात, बर्फ वितळल्यावर सापडतो. तोवर त्याला कुणी शोधत कसं नाही, असं मी (जरा चढ्या आवाजातच) विचारलं.

"त्याची चौकशी करणारं कुणी नसतंच रे," ती म्हणाली. "म्हणून तर तो निवडला."

कप मी विसळले. पेन्टीकाका पुसायला आले होते, त्यांनाही घालवून दिलं.

तुझा,
रेइनो

ता. क. मी एकटा पडलोय वगैरे अर्थ काढू नकोस. इथे ओळखी भरपूर आहेत.

ता. क. पुन्हा: येत्या गुरुवारी संध्याकाळी दुकानात फोन करशील? उचलेल ती आयलाच. रेइनो आलाय का, नीट जेवतो का, एवढंच विचार. जरा मोठ्याने विचार. आणि आलाय म्हणाली, तरी लगेच ठेवू नकोस.