भिंतीला किती हात

१३ एप्रिल, रविवार

थेरगावचा फ्लॅट रिकामा झाला. ठकुबाईंचं कुटुंब सहा वर्षं होतं, आता तळेगावला स्वतःच्या घरात गेलं. जाताना किल्ली दिली. मागे राहिलं ते कॅलेंडरचे चार खिळे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुंकवाचे दोन हात. त्यांची सून लग्न होऊन आली तेव्हा उमटवलेले.

रंग मी स्वतः देणार. माझा मेहुणा, सुमनचा भाऊ रोहिदास, रंगकामाची कंत्राटं घेतो. त्याने एकवीस हजार सांगितले. मी सहा हजारांत बसवतो. चाकणच्या कंपनीत एकोणतीस वर्षं क्वालिटीमध्ये काढली, केसाच्या दहाव्या भागाच्या फरकाने माल परत पाठवला. भिंत म्हणजे काय.

सुमन म्हणाली, पंचवीस तारखेपर्यंत करा, नाहीतर किल्ली रोहिदासकडे. तारीख मान्य. किल्लीचा प्रश्न येणार नाही.

१४ एप्रिल

नवीन भाडेकरू ऋतिक भेटून गेला. लातूरकडचा, चाकणला कंपनीत, सध्या चौघांत एक खोली. तीस तारखेला अक्षय तृतीयेला गावी लग्न, दोन मेला बायकोला घेऊन इथे येणार. मुलगा समजूतदार. भाड्यावर घासाघीस नाही, एकच विनंती. "काका, तनुजाला दमा आहे. तिला रंगाचा वास, धूळ काही चालत नाही. आम्ही यायच्या आधी आठवडाभर तरी वाळलेला असू द्या."

मी शब्द दिला. शिवाय आठवड्यापेक्षा जास्त देतो म्हणालो. वीस तारखेलाच संपवायचं.

१५ एप्रिल, सकाळी ११

डांगे चौकातून रंग आणला. दुकानदार दिग्विजयकडे कोणीतरी परत केलेली मोठी बादली निम्म्या किमतीत मिळाली. परत का केली, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चांगल्या सौद्यात फार चौकशी करू नये.

किती हात मारणार, असं त्याने विचारलं. एक. नीट मारला तर एकच पुरतो. तो म्हणाला, बघा.

१६ एप्रिल

हॉलला पहिला हात. बादलीत क्रीम दिसणारा रंग भिंतीवर पिस्ता दिसतो. ओला आहे म्हणून. वाळल्यावर क्रीम होईल.

पाणी थोडं जास्त घातलं. रंग पुरतो.

१७ एप्रिल

अजून पिस्ता. क्रीम होण्याच्या मार्गावर आहे.

स्वयंपाकघराला एक हात मारला. कुंकू पूर्ण झाकलं गेलं. सुमनला फोटो पाठवला. तिने उत्तरादाखल अंगठा पाठवला. कोणत्या अर्थाने, ते विचारलं नाही.

१८ एप्रिल, सकाळी ८

कुंकवाचे हात परत आले. फिकट गुलाबी. दुसरा हात मारला.

१९ एप्रिल

काल फिकट होते, आज बोटं मोजता येतात. दहाच्या दहा. तिसरा हात मारला, संध्याकाळी चौथा. पाठ धरली आहे. व्यायामाच्या दृष्टीने चांगलंच.

२० एप्रिल, रविवार

आज काम संपायचं होतं. तत्त्वतः संपलेलं आहे. राहिलाय तो फक्त दोन फूट बाय दोन फुटांचा भाग.

सुमन पाहायला आली. भिंतीवरची बोटं मोजली. मग म्हणाली, "तुमचे चार हात आणि त्या पोरीचे दोन. पोरगी पुढे आहे."

पाचवा हात मारला. तेवढा चौकोन आता बाकी भिंतीपेक्षा गडद आणि किंचित पुढे आलेला दिसतो. तिथे फ्रिज ठेवावा, असं ऋतिकला सुचवायचं. त्याच्याकडे फ्रिज नाही. घेईलच कधीतरी.

२१ एप्रिल

दोष निघत नसेल तर मुळाशी जायचं, हे मी कंपनीत नवीन पोरांना शिकवायचो. ठकुबाईंना फोन केला. कुंकू कोणतं होतं, ते विचारलं.

"कुंकू साधंच हाय साहेब. तेलात कालवलं व्हतं. पाण्यातलं टिकत न्हाई. सुनेचा हात राहिला पायजे ना भितीवर."

मी म्हणालो, राहिला आहे.

मूळ कारण सापडलं: ठकुबाई. माझ्या कामात दोष नव्हता. समाधान वाटलं. सहावा हात मारला.

२२ एप्रिल

दिसतात.

२३ एप्रिल

आज विश्रांती. रंगालाही वेळ द्यावा लागतो.

२४ एप्रिल

लग्नासाठी गावी निघण्याआधी ऋतिक घर पाहून गेला. हॉलच्या भिंतीला टेकून बराच वेळ बोलला. पत्रिका दिली, तनुजाला खिडकीशी तुळस ठेवायची आहे म्हणाला. पिस्ता रंगाबद्दल एक शब्दही काढला नाही. संस्कार आहेत.

निघताना त्याने भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "काका, हे हाताला लागतंय. पावडर आहे. तिला त्रास होईल ना?"

रंग मुरतोय, असं मी सांगितलं. तो बरं म्हणाला. जिना उतरताना त्याच्या काळ्या शर्टाची पाठ दिसली. पूर्ण पिस्ता. मी हाक मारणार होतो, तोवर तो खाली पोचला होता.

त्याने काळा शर्ट घालून यायला नको होतं.

जेवण गेलं नाही. उन्हामुळे असावं.

२५ एप्रिल

किल्ली रोहिदासला देण्याचा निर्णय घेतला. निर्णय सर्वस्वी माझा. सुमनने फक्त त्याला फोन लावला आणि माझ्या पँटच्या खिशातून किल्ली काढून घेतली.

२६ एप्रिल

रोहिदास दोन माणसं घेऊन आला. मी देखरेखीला. त्यांनी भिंतीवर पाणी मारून लोखंडी पत्रीने खरवडायला सुरुवात केली. पावडर उडू नये म्हणून आधी पाणी, म्हणे. दुपारी जेवायच्या आत माझे सगळे हात खाली आले. कुंकवासाठी मात्र प्लास्टरपर्यंत जावं लागलं.

रोहिदास मला कधी उलटून बोलत नाही. आजही नाही. पाटी भरता भरता एवढंच म्हणाला, "दाजी, एवढा रंग मारलात, पण भिंतीला कळलंच नाही."

मी दारातला कचरा गोळा केला. त्याने सांगितलं म्हणून नाही.

२८ एप्रिल

पुट्टी, घासणं, मग बिनवासाच्या रंगाचे दोन हात. क्रीम. ओला असतानाही क्रीम. रोहिदासने सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि आठवडा मिळत नाही तर निदान वारा मिळू दे म्हणाला. चार दिवस सकाळी जाऊन खिडक्या तपासण्याचं काम मी मागून घेतलं. जबाबदारीचं काम आहे.

१ मे

खिडक्या उघड्या आहेत. सगळ्या खोल्यांत भिंतीवर तळहात घासून पाहिला. काळा शर्ट घालून भिंतीला टेकलो. काही लागलं नाही. घरी आल्यावर सुमनकडून पाठही तपासून घेतली.

२ मे, दुपारी ४

आले. तनुजा उंबऱ्यावर थांबली. नाकाला रुमाल होता. तो बाजूला केला, हळूच श्वास घेतला, मग जरा मोठा घेतला. ऋतिक तिच्याकडे पाहत होता. मीही. तिने मान डोलावली आणि सुमनने ठेवलेलं माप ओलांडून आत आली.

सुमनने घरून ताट आणलं होतं, कुंकू कालवलेलं. मला याची कल्पना नव्हती. तनुजाने हात पुढे केले आणि मागे घेतले. म्हणाली, "नवा रंग आहे. काकांना चालेल का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. रोहिदाससुद्धा. तो स्टूल न्यायला आला होता.

मी म्हणालो, चालेल.

तिने स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही हात उमटवले. जागा तीच. कोणी सांगितली नव्हती.

परत येताना सुमनला विचारलं, कुंकू कशात कालवलं होतं. तिने ठकुबाईंना फोन करून विचारलं होतं.

नोंद. स्वयंपाकघराची भिंत: माझे हात सहा, रोहिदासचे दोन, तनुजाचे दोन. टिकणार शेवटचे.