पावसाळ्यासाठी सोडलेली सूतभर जागा

रेडमंड, अमेरिका
रविवार, १६ ऑक्टोबर २००५

ती. शरयूताईच्या चरणी धाकट्या पुरुषोत्तमाचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली नुसती देवापुढे ठेवली आहेस? माझी तब्येत बरी आहे. झोप लागते, रक्तदाब जागेवर आहे, पोटाची तक्रार नाही, आणि सगळं एकदम बरं असल्यामुळेच मला काळजी वाटते. श्रीरंग, हिमानी आणि नीना खुशाल आहेत. नातीशी मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्हा दोघांना वाटतं की दुसऱ्याला कळलं.

तुला आठवत असेल, निघताना हत्यारांची पेटी मी तुझ्या माळ्यावर ठेवली आणि म्हणालो, ताई, आता हात कापतो, दिवाळीला ही सिद्धेश सुताराला देऊन टाक. तू "बरं" म्हणालीस. (एकदा तरी "कशाला रे देतोस" म्हणशील असं वाटलं होतं, पण ते असो.) बरोबर फक्त एक पटाशी आणि आपल्या आप्पांचा काटकोन तपासायचा गुण्या आणला, तोही धोतरात गुंडाळून मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी. इथे येऊन पाहतो तर सुताराने करावं असं या घरात काहीच नाही. खुर्ची खोक्यातून निघते, श्रीरंग चार स्क्रू पिळतो आणि तिच्यावर बसतो. दारं करकरत नाहीत, खिडक्या अडकत नाहीत. चार महिने मी सोफ्यावर पाहुण्यासारखा बसून होतो. पाहुण्याला निदान परत जायची तारीख तरी विचारतात!

अशात शेजारचे वॉल्टरराव भेटले. बहात्तर वर्षांचे, पोस्टातून निवृत्त, एकटेच राहतात. इथल्या पावसाने त्यांच्या कुंपणाचं लाकडी फाटक फुगून अडकत होतं. ते रोज त्याला लाथ मारत आणि ते मला सोफ्यावरून दिसे. एके सकाळी जाऊन मी न विचारता त्याची कड तासून दिली. फाटक बोटाने उघडलं. वॉल्टररावांनी ते पाचसहा वेळा उघडून बंद केलं आणि आठवड्याने आमच्या दारात आले ते बंदुकीची गोष्ट घेऊनच. ताई, घाबरू नकोस. मी तुझ्या वाटचंही घाबरून घेतलं आहे.

गोष्ट अशी की, दर ऑक्टोबरात हे हरणाच्या शिकारीला जातात. त्यांच्या रायफलीत काडतुसं वरून एकेक करून भरावी लागतात आणि घरी परतताना तशीच एकेक काढावी लागतात. आता संधिवाताने त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली आहेत. गेल्या वर्षी थंडीत रायफल रिकामी करायला अर्धा तास लागला. भरलेली बंदूक गाडीत घेऊन बसायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून ठरवलं की आता शिकार बंद. पण मग दुकानात त्यांना काढता-घालता येणारी काडतुसांची डबी मिळाली. (इथे तिला मॅगझीन म्हणतात.) ती खालून बसते, कळ दाबली की सगळी काडतुसं घेऊन हातात येते. मात्र तिची लोखंडी चौकट बसवायला रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे लाकडी भागात, नवी खाच कोरावी लागते. दुकानदार म्हणाला, हंगाम संपल्यावर करून देऊ. हंगाम शनिवारी सुरू होणार होता. आणि तो अक्रोडाचा दस्ता त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेला. तसा दुसरा मिळणार नाही.

श्रीरंगने हे सगळं मला मराठीत सांगितलं आणि शेवटी स्वतःचं जोडलं, "बाबा, तुम्ही टुरिस्ट व्हिसावर आहात. गनला हात लावायचा नाही. माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे." मी तर दोन्ही हात पाठीमागेच बांधले. नीनाने विचारलं, "आजोबा, आर यू इन ट्रबल?" मी म्हणालो, अजून नाही. श्रीरंगने वकिलाला ईमेल केली. उत्तर आलं की नुसतं लाकूड म्हणजे बंदूक नव्हे. मग असं ठरलं की नळी आणि लोखंडी कारभार वॉल्टररावांच्या तिजोरीत राहील, माझ्याकडे फक्त दस्ता, रिकामी डबी आणि चौकट येईल. तरीही पोलिसांची गाडी रस्त्यावरून गेली की मी दस्त्यावर पंचा टाकत असे. (हिमानी म्हणाली, "बाबा, पंच्याखाली ते जास्तच बंदुकीसारखं दिसतं.")

काम गॅरेजमध्ये मांडलं. ताई, एक शोध लागला. पटाशी लाकडाला टेकली की माझा हात कापत नाही. चहाचा कप धरला की कापतो. म्हणजे दोष कपाचा आहे. तीन दिवस खाच कोरली. अक्रोड काय लाकूड आहे! पटाशीखालून साय निघावी तसा पापुद्रा निघतो. गुरुवारी सकाळी चौकट आत बसवली आणि दस्ता हलवून पाहिला, तर खुळखुळ्यासारखा वाजला. झालं होतं असं की चारी बाजूंनी मी सूतभर जागा सोडली होती. पावसाळ्यासाठी! चाळीस वर्षं चिपळुणात दारं-खिडक्या केल्या, लाकूड फुगेल म्हणून जागा सोडायची सवय हाताला. त्यात ते फुगलेलं फाटक डोळ्यांसमोर. पण त्या दस्त्याला पन्नास वर्षं तेल पाजलेलं, तो दिवाणखान्यातल्या तिजोरीत राहतो. फुगणार कशाला? तो तर माझ्यापेक्षा सुखात आहे.

दुपारी जेवलो नाही. दुसऱ्याच्या बापाच्या हातची वस्तू आपण नासवली, आता या देशात तोंड कसं दाखवायचं, परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का, असे सगळे विचार झाले. हिमानी ऑफिसातून आली ती सरळ गॅरेजमध्ये. मी सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, चला, आत्ताच जाऊन सांगू. मी आहे ना." आणि खरंच माझा हात धरून शेजारी घेऊन गेली. सून म्हणून तिच्याबद्दल मी तुला पूर्वी जे काही लिहिलं असेल, ती पत्रं फाडून टाक.

वॉल्टररावांनी दस्ता हलवला, आवाज ऐकला. मग त्याच्या मागच्या टोकाची रबरी टोपी काढली आणि आत दाखवलं. तिथे अंगठ्याएवढं ठिगळ होतं, वेगळ्या लाकडाचं. हिमानीने भाषांतर केलं, "त्यांचे वडील म्हणायचे, हे कुणाला दाखवायचं नाही." ताई, मी त्या ठिगळावरून बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं. मोठा कारागीर असणार.

मग मीही शिसवी लाकडाच्या चार पातळ पट्ट्या काढून खाचेत चिकटवल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. शुक्रवारी त्या तासून चौकट पुन्हा बसवली. आता डबी घातली की "टक्" आणि कळ दाबली की तळहातावर. वॉल्टररावांनी त्या आल्याच्या बोटांनी अकरा वेळा घातली, अकरा वेळा काढली. (मी मोजलं.) मग माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. दोघांपैकी कुणाचा हात कापत होता ते कळलं नाही. इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे कुणी काम घेऊन आलं, आणि मी चुकल्यावरही ते पुन्हा माझ्यावरच सोपवलं. देवाचे आभार कसे मानावेत कळत नाही म्हणून तुला लिहितो आहे.

सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. : हे पत्र गल्लीत मोठ्याने वाचू नकोस, त्यात बंदूक आहे. (एव्हाना वाचून झालं असेल. निदान श्रीरंगचं ग्रीन कार्ड झालं असं सांग.)

ता. क. दुसरा : वॉल्टरराव आत्ताच परत आले. हरीण दिसलंसुद्धा नाही. मी देवाला सांगितलं होतं की डबी नीट बसू दे पण जीव कुणाचा जाऊ नये. दोन्ही ऐकलं. ते मात्र भलतेच खूश आहेत, म्हणाले, संध्याकाळी रायफल अर्ध्या मिनिटात रिकामी झाली.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं खरं कारण : ते शिसवी लाकूड कुठून आणलं हे वर लिहिलं नाही. आप्पांच्या गुण्याची मूठ कापली. रागावू नकोस. काटकोन अजून बरोबर आहे, नीनाच्या वहीच्या कोपऱ्याला लावून पाहिला. पण मूठ बारीक झाल्याने हाताला टोचते, नवी करायला हवी, आणि त्याचं लाकूड माझ्या पेटीत तळाशी आहे. तेव्हा पेटी सिद्धेशला देऊ नकोस. फोन केला असता, पण फोनवर श्रीरंग ऐकतो आणि म्हणतो बाबा आता आराम करा. दिवाळीआधी पत्र पोचावं म्हणून जास्तीचं तिकीट लावतो आहे. सिद्धेश मागायला आलाच, तर त्याला एवढंच सांग की पेटीचा मालक कामावर गेला आहे.