दुसऱ्या फटक्याचं काय?

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून खालूनच हाका मारायला लावतो? मामींचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक. चोर धरून तिघंही खुशाल आहोत. (दचकू नका. तो आता पोलीस ठाण्यात आहे. चार टाके पडलेत, पण जेवतोय व्यवस्थित.)

तुम्ही चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतात. खून, दरोडे, भाऊबंदकी सगळं तुमच्या पेन्सिलीखालून गेलं, पण तुमचं मत म्हणून कधी कुणी विचारलं नाही. ते आज मी विचारतो आहे. आपल्या घरात शिरलेल्या माणसाला आपण किती मारलेलं चालतं? मारावं की नाही हा प्रश्नच नाही, ते होऊन गेलं आहे. किती, एवढंच हवं आहे.

झालं ते असं. मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मी मागच्या खोलीत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना खळ लावत बसलो होतो. खळीचा वास कोंडतो म्हणून पुढचं दार उघडं ठेवलेलं. (ही रोज म्हणते, कडी लावा. रोज म्हणते म्हणूनच ते ऐकू येईनासं झालं आहे.) पावलं वाजली. मला वाटलं, ही इस्पितळातून लवकर आली. डोकावतो तर एक मध्यमवयीन, नीट भांग पाडलेला गृहस्थ आमचं कपाट उघडून उभा. हातात पिशवी आणि पिशवीत आमचं भिंतीवरचं घड्याळ. मामा, चोर म्हटला की तोंडाला फडकं बांधलेला, दांडगा असा काहीतरी असेल अशी माझी समजूत होती. हा तर बँकेत आपल्यापुढे रांगेत उभा असतो तसा दिसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुढं जे झालं ते फार भराभर झालं. थोडक्यात सांगायचं, तर पुस्तकाची पाठ ठोकायचा माझा लाकडी हातोडा त्याच्या खांद्यावर बसला. पिशवी पडली, घड्याळ फुटलं, आणि तो न्हाणीघराच्या दाराला टेकून मटकन खाली बसला. आणि मग, मामा, तोच हातोडा आणखी एकदा बसला. कपाळावर.

रक्त आलं. तोवर ही घरी आलीच होती, तिनं तिथंच त्याला टाके घातले. (शस्त्रक्रियेच्या खोलीत वीस वर्षं नोकरी, हात जराही हलला नाही.) टाके पडत असताना त्या गृहस्थानं मान वर न करता विचारलं, “पहिला समजला. चोरी करत होतो, बसला. पण दुसरा कशाबद्दल?”

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. फौजदार आले, त्यांनीही नेमकं हेच विचारलं.

“किती फटके?”

“दोन.”

“मधल्या वेळात तो काय करत होता?”

“बसला होता.”

त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, गरजेपुरतं बळ वापरायला हरकत नसते, पण बसलेल्या माणसाला कसली गरज? शांतपणे आठवा आणि सोमवारी जबाब द्यायला या. आता ‘गरजेपुरतं’ म्हणजे किती? खळ गरजेपुरती किती लागते ते मला बोटाला कळतं. जास्त झाली की पान सुरकुततं. माणसाच्या कपाळाचा मला तसा अंदाज नाही.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, आपल्या उंबऱ्याच्या आत कितीही मारा. (हे त्यांनी इतकं सौम्यपणे सांगितलं की माझी अक्कलदाढ मी दुसरीकडे दाखवणार आहे.) मग आठवलं, एका वकिलांचे कायद्याचे ग्रंथ माझ्याकडेच बांधायला आले आहेत. तीस वर्षं कायदा बांधतो आहे, वाचला कधी नव्हता. आता शोधलं, तर सापडलं! ‘घरमालकास आवश्यक तेवढे बळ वापरता येईल, मात्र’ असं लिहिलं आहे आणि तिथं पान संपलं. पुढची पानं दाबाखाली वाळताहेत. आज काढली तर ग्रंथ जन्मभर वाकडा राहील. त्या ‘मात्र’च्या पुढं काय आहे, मामा?

उत्तर सोमवारच्या आत धाडावं. मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. हातोडा माझा होता, हात हिचा. चोराची आणि माझी नजरानजर झाली त्याच क्षणी मी न्हाणीघरात गेलो आणि आतून कडी लावली. त्यानं बाहेरून सांगितलं, “काका, घाबरू नका, दहा मिनिटांत जातो.” मी म्हटलं, “बरं.” तेवढ्यात ही आली. पहिला फटका तिनं घराचं रक्षण म्हणून मारला. मग तो खाली बसला आणि हसत म्हणाला, “बाई, पुरुषमाणूस आत लपलाय आणि तुम्ही लढताय!” त्यावर दुसरा बसला. म्हणजे तो माझ्या अब्रूसाठी होता. नवऱ्याची अब्रू घरातल्या चीजवस्तूंत धरतात का? धरत नसतील, तर दोन्ही फटके मी माझ्या नावावर घेणार आहे. तिची नोकरी आहे. माझं काय, पुस्तकं तुरुंगातही बांधता येत असतील. हिला यातलं काही कळवू नका.

ता. क. दुसरा, सूनबाईच्या हातचा. मामा, नमस्कार. पाकीट उघडंच होतं, वाचलं. सोमवारची वाट न बघता मी काल जाऊन खरा जबाब देऊन आले, तेव्हा ह्यांना तुरुंग वगैरे काही नको. फक्त अब्रूचं चुकीचं लिहिलंय. चोर काय बोलला ते मी ऐकलंच नाही. मला आतून ह्यांचा आवाज आला, “गेला का गं तो?” त्यावर मी हातोडा न्हाणीघराच्या दारावर घातला. तो बिचारा तेवढ्यात उठायला गेला आणि मधे आला. त्याची मी माफी मागितली आहे. तुम्ही एवढंच कळवा, आत कडी लावून बसलेल्या घरच्याच माणसावर किती बळ वापरलेलं चालतं?